रोगाचा माग काढायचाय? मग वही उघडा!



"मोठेपणी तू कोण होणार?" हा प्रश्न तुम्हांला आजवर कितीदा विचारला गेला असेल, याची मोजदादच नाही. पाहुणे आले की विचारतात, शाळा तपासायला आलेले साहेब विचारतात, लग्नात भेटलेली लांबची आत्यासुद्धा विचारते. तुमचं उत्तरही ठरलेलं असतं. वर्गात मी हा प्रश्न टाकला की निम्मे हात वर होतात आणि एकच आवाज येतो, "बाई, डॉक्टर!"

का बरं? तर "लोकांना बरं करायचंय."

उत्तर छानच आहे. पण थोडा विचार करा. डॉक्टर गोळी लिहून देतात, ती गोळी कुणी शोधली? नर्सताई बाळाला लस टोचतात, ती लस कुणी तयार केली? हा ताप डासांमुळे येतो आणि तो गोचिडांमुळे, हे कुणाला कसं कळलं? या प्रश्नांच्या मागे लागणारी माणसं वेगळी असतात. ती करतात त्या कामाला जैववैद्यकीय संशोधन म्हणतात. नाव लांबलचक असलं तरी अर्थ सोपा आहे. रोग का होतो, शरीर त्याच्याशी कसं झगडतं आणि तो कसा टाळायचा किंवा बरा करायचा, हे शोधून काढायचं.

या कामात शिरायचं तर काय करावं लागतं? फक्त हुशार मुलांनाच ते जमतं का? खूप पैसा लागतो का? आणि डॉक्टर झालं नाही तर दार बंद होतं का? आज आपण याचीच माहिती घेऊ.

माकडं मेली आणि शोध सुरू झाला

आधी एक खरी गोष्ट ऐका. १९५७ साल. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. तिथं माकडं पटापट मरून पडू लागली. पाठोपाठ आसपासच्या खेड्यांतली माणसंही तापानं फणफणली. कुणी म्हणालं विषमज्वर असेल. पण माकडं मरताहेत म्हटल्यावर जाणकारांच्या मनात वेगळीच शंका आली. हा पीतज्वर तर नसेल? पीतज्वर आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत होता, आशियात तो कधी आला नव्हता. आला असता तर हाहाकार उडाला असता.

पुण्यात १९५२ साली विषाणूंच्या अभ्यासासाठी एक केंद्र सुरू झालं होतं. आज त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. २०२० साली करोनाच्या काळात हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. या केंद्रातली मंडळी क्यासनूरला गेली. त्यांनी आजारी माणसांचं रक्त घेतलं, मेलेली माकडं तपासली. जंगलातल्या पाचोळ्यावरून पांढरं कापड ओढत नेऊन त्याला चिकटलेले गोचीड गोळा केले. सगळं नीट नोंदवून, चिठ्ठ्या लावून प्रयोगशाळेत आणलं.

आणि उत्तर सापडलं. तो पीतज्वर नव्हता, विषमज्वरही नव्हता. तो एक नवाच विषाणू होता आणि तो पसरत होता गोचिडांमार्फत. या रोगाला त्या जंगलाचंच नाव मिळालं, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. आपण त्याला माकडताप म्हणतो.

हा माकडताप पुढे आपल्याकडेही आला. २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण सापडले. काजूच्या बागेत नाहीतर लाकूडफाट्यासाठी रानात जाणाऱ्या लोकांना तो गाठतो. तेव्हा आरोग्य खात्याची माणसं गावोगाव सांगत फिरली, "रानात जाताना अंगभर कपडे घाला, अंगाला गोचीड पळवणारं तेल लावा, मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, लगेच कळवा." हे सगळं त्यांना सांगता आलं, कारण साठ वर्षांपूर्वी कुणीतरी पाचोळ्यावरून कापड ओढलं होतं!

पण गोष्ट इथं संपत नाही. या रोगावरची जुनी लस पुरेशी उपयोगी पडेनाशी झाली, म्हणून तिचा वापर थांबला. नव्या लशीवर आपल्याच देशात काम चालू आहे. म्हणजे हे काम अजून अर्धं आहे. असे अर्धे राहिलेले किती तरी प्रश्न तुमची वाट पाहत आहेत.

हे एकट्याचं काम नव्हे

सिनेमात शास्त्रज्ञ कसा दाखवतात? पांढरा कोट, विस्कटलेले केस, एकटाच बंद खोलीत, आणि अचानक "सापडलं!" म्हणून ओरडतो. खरं संशोधन असं नसतं बरं का!

माकडतापाचंच पाहा. रुग्णाला तपासायला डॉक्टर लागले. माकडांच्या मृत्यूचं कारण शोधायला प्राण्यांचे आजार जाणणारे लागले. गोचिडांच्या जाती ओळखायला कीटकशास्त्रातले लोक लागले. विषाणू वेगळा करायला सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेले लागले. कुठल्या गावात किती रुग्ण, कोणत्या महिन्यात जास्त, हा हिशेब मांडायला गणित येणारे लागले. आणि रान पायाखालचं असलेली गावची माणसं नसती, तर हे सगळे वाट चुकले असते.

म्हणून तुमचा कल कशाकडे आहे ते आधी ओळखा. रक्त पाहून चक्कर येते? हरकत नाही, गणित आणि संगणक वापरून रोगांचा अभ्यास करणारे पुष्कळ लोक आहेत. गुरंढोरं आवडतात? पशुवैद्यक व्हा. माणसांना होणारे किती तरी रोग प्राण्यांकडून येतात. रसायनांत रमता? औषधनिर्माणशास्त्र आहे. हातानं नाजूक काम नीट जमतं? प्रयोगशाळा तंत्रज्ञ झाल्याशिवाय कुठलीच प्रयोगशाळा चालत नाही. डॉक्टरकी ही या गावाला जाणारी एक वाट आहे, एकमेव वाट नव्हे.

सीताफळाकडून कर्करोगाकडे

आता पुण्याच्या एका मुलीची गोष्ट. नाव कमल समर्थ. जन्म १९१७ चा. शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. त्यांची फार इच्छा होती, की मुलीनं डॉक्टर व्हावं. मुलगी हुशार होती, डॉक्टर सहज झाली असती. पण तिला वनस्पती आणि प्राणी यांचा अभ्यास आवडायचा. तिनं तोच विषय घेतला. एम्.एस्सी.साठी तिनं अभ्यास केला तो सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा!

तुम्ही म्हणाल, सीताफळ कुठं आणि रोग कुठं? पण पेशी पाहायची नजर एकदा तयार झाली, की ती झाडाच्या पेशीला लागू पडते तशी माणसाच्या पेशीलाही. लग्नानंतर कमलताई मुंबईत आल्या आणि टाटा हॉस्पिटलात कर्करोगाच्या अभ्यासाकडे वळल्या. डॉ. वसंत खानोलकर हे त्यांचे मार्गदर्शक. १९४९ साली त्या पीएच.डी. झाल्या. मग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन शरीराबाहेर पेशी कशा वाढवायच्या ते शिकल्या. इथं एक लक्षात ठेवा. शिकून त्या परत आल्या आणि मुंबईत त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, भारतातली अशी पहिली. या कमलताई म्हणजेच डॉ. कमल रणदिवे. स्तनांच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी काय संबंध आहे, याचा त्यांनी शोध घेतला. १९७३ साली त्यांनी इतर सहकारी स्त्रियांबरोबर भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन केली आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

मुलींनो, तुमच्यासाठी आणखी एक नाव. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत पहिल्या आल्या, तरी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांना प्रवेश नाकारला गेला. कारण काय? तर त्या मुलगी होत्या! नकार देणारे होते नोबेल पारितोषिक मिळालेले सर सी. व्ही. रामन. कमलाबाई रडत घरी गेल्या नाहीत. कारण विचारत ठाम उभ्या राहिल्या. शेवटी वर्षभर काम पाहू, मग ठरवू, अशा अटींवर प्रवेश मिळाला. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे तिथं मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई केंब्रिजला गेल्या, १९३९ साली पीएच.डी. झाल्या. परत येऊन त्यांनी डाळी, नीरा अशा आपल्या गोरगरिबांच्या आहारातल्या पदार्थांवर संशोधन केलं.

या दोघींकडून काय घ्यायचं? एक, विषय आवडीचा निवडा. दोन, तो विषय पुढे कुठं घेऊन जाईल हे आज दिसलं नाही तरी घाबरू नका. तीन, कुणी "नाही" म्हटलं तर "का नाही?" असं नम्रपणे, पण नक्की विचारा.

खेड्यातही होतं संशोधन

"पण बाई, आमच्या गावात कुठं प्रयोगशाळा?" असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणणार. त्याला उत्तर गडचिरोलीत आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था काढली. तिथं जन्मल्यानंतर पहिल्या महिन्यात पुष्कळ बाळं दगावत. दवाखाना दूर, वाट जंगलाची. मग त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन कसं घ्यायचं, श्वास कसा मोजायचा, बाळाला ऊब कशी द्यायची, आजार कसा ओळखायचा आणि औषध केव्हा द्यायचं. ३९ गावांत त्यांनी हे केलं. आणि शेजारच्या ४७ गावांत? तिथं ही नवी पद्धत सुरू न करता फक्त जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद ठेवली. का? तर तुलना करता यावी म्हणून. नाहीतर कुणीही म्हणालं असतं, "छे, यंदा पाऊसपाणी चांगलं होतं म्हणून बाळं वाचली!"

निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तुलनेच्या गावांच्या मानानं त्या ३९ गावांतले नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले होते! तुमच्या घरी बाळ जन्मलं की आशाताई घरी येऊन त्याला पाहून जातात ना? २०११ पासून देशभर आशाताई हे काम करतात, त्यामागे हेच संशोधन आहे. महागडं यंत्र नव्हतं. वजनकाटा होता, घड्याळ होतं, वही होती आणि चांगला प्रश्न होता.

दहावीनंतर कुठली वाट?

आता जरा व्यवहाराचं बोलू. हा भाग आईबाबांनाही वाचून दाखवा.

दहावीनंतर विज्ञान शाखा घ्या. जमत असेल तर अकरावीला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवा. "मला डॉक्टरकडची बाजू हवी, गणित कशाला?" म्हणून पुष्कळ मुलं गणित सोडतात आणि पुढे पस्तावतात. आजच्या जीवशास्त्राला गणित पदोपदी लागतं.

बारावीनंतर मुख्य वाटा अशा:

पहिली वाट वैद्यकीय. 'नीट' परीक्षा देऊन एम्.बी.बी.एस. व्हायचं आणि पुढे संशोधनाकडे वळायचं. रुग्ण जवळून पाहिलेल्या माणसाला चांगले प्रश्न सुचतात, हा हिचा मोठा फायदा.

दुसरी वाट आपल्या जवळच्या कॉलेजातली. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान यांत बी.एस्सी., मग एम्.एस्सी., मग पीएच.डी. या वाटेला फी कमी लागते आणि तालुक्याच्या गावाहूनही ती सुरू करता येते. पण विषयाचं नाव भारी आहे म्हणून कॉलेज निवडू नका. तिथली प्रयोगशाळा खरंच चालते का, मुलं स्वतःच्या हातानं प्रयोग करतात का, हे जाऊन पाहा.

तिसरी वाट 'आयसर'ची. विज्ञान शिक्षण आणि संशोधनासाठी केंद्र सरकारनं काढलेल्या अशा सात संस्था देशात आहेत. पुण्याची २००६ साली सुरू झाली. बारावीनंतर त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. तीत भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असे चारही विषय असतात (बघा, गणित आलंच!). पाच वर्षांत बी.एस्. आणि एम्.एस्. दोन्ही पदव्या मिळतात आणि शेवटी प्रत्यक्ष संशोधन करावं लागतं. भुवनेश्वरची 'नायसर' ही संस्था आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातलं मूलभूत विज्ञान केंद्र यांच्यासाठी 'नेस्ट' नावाची वेगळी परीक्षा आहे.

चौथी वाट म्हणजे औषधनिर्माण, पशुवैद्यक, जैवतंत्रज्ञानातली अभियांत्रिकी, संख्याशास्त्र. या प्रत्येकीतून संशोधनाकडे वळता येतं.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा. 'नीट'मध्ये गुण कमी पडले म्हणजे आयुष्य फुकट गेलं, असं मुळीच नाही. दरवर्षी काही मुलं तसं समजून खचतात. त्यांना कुणी ही बाकीची दारं दाखवलेलीच नसतात. तुमच्या ताईदादांपैकी कुणी असं खचलेलं असेल, तर हा अंक आज त्यांच्या हातात द्या.

किती वर्षं? किती पैसे?

खोटं कशाला सांगू? वाट लांब आहे. बारावीनंतर पाच वर्षं शिक्षण आणि मग पीएच.डी.ची साधारण पाच-सहा वर्षं. म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस वय होतं. त्यानंतरही बहुतेक जण आणखी दोन-चार वर्षं दुसऱ्या प्रयोगशाळेत काम करतात. तोवर गावातला मित्र नोकरीला लागून त्याचं लग्नही झालेलं असतं!

पण पीएच.डी. करताना घरून पैसे मागावे लागतातच असं नाही. एम्.एस्सी.नंतर 'नेट' नावाची राष्ट्रीय परीक्षा असते. तीत संशोधनवृत्तीसाठी निवड झाली, तर २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडं वेगळं. हे पैसे कधीकधी उशिरा हातात पडतात, म्हणून थोडी शिल्लक गाठीला ठेवायची सवय असावी.

पुढे नोकरी कुठं? सरकारी संशोधन संस्था आणि विद्यापीठं आहेत, पण तिथल्या जागा थोड्या आणि मागणारे फार. म्हणून बाकीच्या जागाही ठाऊक हव्यात. लशी आणि औषधं बनवणारे कारखाने, रोगनिदानाच्या प्रयोगशाळा, औषधांच्या चाचण्या घेणारे विभाग, कॉलेजातलं अध्यापन, विज्ञानलेखन. आपल्या महाराष्ट्रात हे क्षेत्र चांगलं रुजलेलं आहे. १८९७ साली प्लेगची लस मुंबईतच तयार झाली. ती तयार करणाऱ्या हाफकिन साहेबांनी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली होती! त्यांच्या नावाची संस्था परळला आहे. खारघरला कर्करोग संशोधनाचं केंद्र आहे. पुण्यात विषाणू संस्थेशिवाय पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्थाही आहे. ही नावं नुसती पाठ करू नका. सहलीला पुण्या-मुंबईला गेलात, तर बाईंना-सरांना विचारा, "आपल्याला यातली एखादी आतून पाहता येईल का?" २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या सुमारास पुष्कळ संस्था शाळकरी मुलांसाठी दारं उघडतात. त्यासाठी शाळेनं आधी पत्र पाठवावं लागतं, एवढंच.

आज काय करायचं?

हे झालं पुढचं. पण तुम्ही आज सातवीत असाल, नाहीतर नववीत. आज काय?

सगळ्यात आधी एक वही करा. शंभर पानी साधी वही चालेल. तिच्यात रोज तारीख घालून एक निरीक्षण लिहा. "आज पाऊस आला" हे निरीक्षण झालं, पण पोचट झालं. "पहाटे पाच ते सात पाऊस, शाळेमागच्या डबक्यात डासांच्या अळ्या दिसल्या, एका भांडंभर पाण्यात मोजून २३" हे चांगलं निरीक्षण. कारण यात वेळ आहे, जागा आहे, आकडा आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजलंत की तुम्हांला प्रश्न पडेल, "वाढल्या का? कमी का झाल्या?" संशोधनाची सुरुवात नेमकी इथं होते.

दुसरं, एक प्रयोग करा. आईची परवानगी घेऊन चार सारख्या वाट्या घ्या. एकाच पातेल्यातलं कोमट दूध चारही वाट्यांत सारखं मोजून घाला. तीन वाट्यांत एकेक छोटा चमचा विरजण घालून ढवळा. चौथीत विरजण घालू नका. आता विरजण घातलेली एक वाटी ओट्यावर, एक गार जागी आणि एक फडक्यात गुंडाळून उबदार डब्यात ठेवा. चौथी वाटी ओट्यावरच्या वाटीशेजारी ठेवा. दर तासाला पाहा आणि लिहा, कुठलं दही आधी लागलं? विरजणातल्या सूक्ष्म जिवाणूंना ऊब मानवते की गारवा? आणि ती बिनविरजणाची वाटी कशाला? तर गडचिरोलीतली ती ४७ गावं आठवा. तुलनेला काहीतरी हवं ना! हाच प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी करा. तिन्ही वेळा सारखंच घडलं, तरच ठामपणे बोला.

तिसरं, इंग्रजीची भीती घालवा. विचार मराठीत करा, प्रश्न मराठीत पाडा, पण विज्ञानाचं इंग्रजी हळूहळू वाचायला लागा. रोज पाच शब्द वहीच्या शेवटच्या पानांवर लिहा. कमलताई मराठी वातावरणातच वाढल्या आणि जगभर बोलल्या.

चौथं, स्पर्धा. सहावीच्या आणि नववीच्या मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते. तीत पुढच्या फेऱ्यांना प्रयोग आणि प्रकल्पही असतो. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर मानक' योजनेत शाळेमार्फत नवी कल्पना पाठवता येते. निवड झाल्यास ती करून पाहायला दहा हजार रुपये मिळतात. बक्षीस मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी प्रकल्पाची वही तुमचीच राहते.

पाचवं, माणसांशी बोला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना, रक्त तपासणाऱ्या दादांना, गुरांच्या डॉक्टरांना विचारा, "तुम्हांला अजून न सुटलेलं कोडं कुठलं?" पुढे कॉलेजात गेलात, की एखाद्या शास्त्रज्ञाला सुट्टीत काम शिकण्यासाठी पत्र लिहायची वेळ येईल. पत्र एका पानाचं असावं. त्यांच्या कामातलं आपण काय वाचलं, आपल्याला काय येतं आणि आपण कधी येऊ शकतो, एवढंच लिहा. वीस पत्रं पाठवली तर एक-दोन उत्तरं येतील. त्यात वाईट वाटून घेण्याजोगं काही नाही.

तीन गोष्टी सांभाळा

पहिली, सच्चेपणा. दही लागलं नाही, तर "लागलं नाही" असंच लिहा. वहीतला आकडा खोडून सोयीचा आकडा घालायचा मोह होतो. पण या क्षेत्रात खोट्या आकड्यानं एखाद्याचा जीवही जाऊ शकतो. चुकलेला आकडा एका रेघेनं काटा आणि शेजारी बरोबर आकडा लिहा. रबर वापरू नका.

दुसरी, चिकाटी. प्रयोग बहुतेक वेळा फसतातच. फसला म्हणजे काय झालं नाही ते कळलं, आणि तेही ज्ञानच आहे.

तिसरी, काळजी. घरी रक्त, जंतू, औषधं, मेलेले प्राणी यांच्यावर प्रयोग करायचे नाहीत म्हणजे नाहीत. मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग करण्याआधी समितीची लेखी परवानगी घेतात. आपण तर अजून शिकतो आहोत.

चौकट: इयत्तेप्रमाणे तयारी

● पाचवी ते सातवी : निरीक्षणाची वही, विरजणाचा प्रयोग, गोष्टीची आणि विज्ञानाची पुस्तकं.

● आठवी ते दहावी : गणित पक्कं करा, एक प्रकल्प वर्षभर चालवा, एका प्रयोगशाळेला भेट द्या.

● अकरावी-बारावी : जीवशास्त्राबरोबर जमल्यास गणित, आयसर आणि नेस्ट या परीक्षांची माहिती वेळेत काढा, एकाच परीक्षेवर सगळी भिस्त ठेवू नका.

● पदवीची वर्षं : हातानं प्रयोग, थोडं संख्याशास्त्र, थोडा संगणक, सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत काम.

तर मुलांनो, पुढच्या वेळी कुणी विचारलं, "मोठेपणी कोण होणार?" तर डॉक्टर म्हणायला काहीच हरकत नाही. पण "माकडतापावर लस शोधणार" असंही म्हणून बघा. पाहुणे क्षणभर गप्प होतील आणि मग विचारतील, "म्हणजे काय गं?" तेव्हा त्यांना क्यासनूरच्या जंगलाची गोष्ट सांगा. त्याआधी मात्र वही आणा, वर तारीख घाला आणि आजचं पहिलं निरीक्षण लिहून टाका.